आधी सीडी-४ विचारा

२०२३च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला. एकोणीस देशांतल्या डॉक्टरांनी आपापले रुग्ण त्यात एकत्र मांडले होते. सगळ्यांना एचआयव्हीचा संसर्ग, सगळ्यांना एमपॉक्स आणि सगळ्यांच्या रक्तात प्रतिकारशक्तीचं सूत्र सांभाळणाऱ्या सीडी-४ पेशी दर घन मिलिमीटरला ३५०हून कमी. एकूण ३८२ जण. त्यांतले २७ दगावले. ज्याच्या सीडी-४ पेशी २००च्या वर होत्या असा त्या २७ जणांत एकही नव्हता.

वैद्यकात इतकी स्पष्ट रेघ क्वचित दिसते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना काय घडतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. निदान, उपचार, प्रतिबंध अशी प्रकरणांची वाटणी वाचकाच्या सोयीसाठी केली आहे. प्रश्न तिन्ही ठिकाणी तोच येतो : समोरचा माणूस एचआयव्हीविरोधी औषधांच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्या घेतो का, आणि त्याचा सीडी-४ किती आहे? एचआयव्ही ‘आहे’ की ‘नाही’ एवढं विचारून भागत नाही.

२०२२च्या मे महिन्यात एमपॉक्स ब्रिटनमध्ये आढळला आणि पाहता पाहता शंभरहून अधिक देशांत पोहोचला. त्याच जुलैमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने १६ देशांतल्या ५२८ रुग्णांची माहिती छापली. जवळजवळ सगळे समलिंगी किंवा उभयलिंगी संबंध असणारे पुरुष होते आणि त्यांतल्या ४१ टक्क्यांना एचआयव्ही होता. एवढं ऐकलं की एचआयव्ही आणि एमपॉक्स म्हणजे संपलंच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण लेख पुढे वाचावा. त्या एचआयव्हीबाधितांपैकी ९५ टक्क्यांचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) गोळ्यांमुळे दबलेला होता, त्यांची मध्यक सीडी-४ संख्या ६८० होती आणि त्यांचा आजार इतरांच्या आजारासारखाच सरला. काही आठवड्यांचा त्रास, खपल्या पडल्या, बरे झाले.

त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतून वेगळीच यादी आली. गंभीर एमपॉक्समुळे रुग्णालयात दाखल झालेले ५७ जण. त्यांतल्या ४७ जणांना एचआयव्ही होता आणि आजारी पडण्याआधी एआरटी घेत होते फक्त चार. ज्यांचा सीडी-४ मोजला गेला त्यांतल्या बहुसंख्यांचा ५०च्याही खाली. जवळपास चौथा हिस्सा बेघर. दोन्ही याद्यांतला विषाणू एकाच वाणाचा. फरक औषधाच्या डबीचा होता, आणि ती डबी दर महिन्याला हातात पडण्यासाठी जे घर, जो पत्ता, जी सुरक्षितता लागते तिचा.

या दोन विषाणूंची गाठ कशी पडली, हे समजायला थोडं मागे जायला हवं. एमपॉक्सचा विषाणू हा देवीच्या विषाणूचा भाऊबंद. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत आणलेल्या माकडांत तो सापडला म्हणून त्याला माकडाचं नाव चिकटलं. २०२२च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने ते बदललं. (माकड बिचारं यात निमित्तमात्र. आफ्रिकेच्या जंगलातल्या खारी-उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत त्याचं मूळ घर असावं, असा आजचा कयास आहे.) माणसात तो पहिल्यांदा ओळखला गेला १९७० साली, काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात, नऊ महिन्यांच्या एका बाळात.

देवीची लस एमपॉक्सपासूनही बऱ्यापैकी संरक्षण देत असे. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि दंडावरचे वण नव्या पिढीच्या अंगावरून नाहीसे झाले. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद छापून आली. मधे जेमतेम तेरा महिने. देवीच्या कुळातल्या विषाणूंविरुद्धची सामूहिक प्रतिकारशक्ती ओसरायला लागली, नेमकी त्याच काळात सीडी-४ पेशी खाणारा विषाणू जगभर पसरत होता. हा योगायोग किती महाग पडू शकतो याची एक झलक लगेचच दिसली होती. १९८४ साली अमेरिकी लष्करात भरती झालेल्या एका तरुणाला नेहमीप्रमाणे देवीची लस टोचली. काही आठवड्यांनी लसीतलाच जिवंत विषाणू त्याच्या अंगभर उठला. त्याला एचआयव्ही होता आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

असं का होतं? पॉक्स कुळातल्या विषाणूंना आवरायला प्रतिपिंडं लागतात, आणि पक्की, टिकाऊ प्रतिपिंडं तयार करण्याचा हुकूम सीडी-४ पेशींकडून सुटतो. हुकूम देणारंच कुणी नसेल तर लस टोचूनही हाती फारसं लागत नाही. २००५ साली अमेरिकी संशोधकांनी एड्ससदृश आजार झालेल्या माकडांना आधी देवीची लस दिली आणि मग एमपॉक्सच्या विषाणूला सामोरं केलं. लस त्यांना वाचवू शकली नाही. सतरा वर्षांनी माणसांत जे दिसलं त्याचा नमुना त्या पिंजऱ्यांत आधीच मांडला गेला होता.

नायजेरियाचं उदाहरण तर अधिक बोचणारं आहे. २०१७ साली तिथे अनेक वर्षांनी एमपॉक्स उद्भवला. डॉ. डिमी ओगोइना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ४० जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या नऊ जणांना एचआयव्ही होता. त्या नऊ जणांचे फोड मोठे होते, आजार जास्त दिवस रेंगाळला, जननेंद्रियावर व्रण अधिक होते, वर जिवाणूंचा संसर्गही जास्त. तरुण रुग्ण आणि जननेंद्रियावरचे फोड पाहून हा आजार लैंगिक संबंधांतूनही पसरत असावा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. २०२२मध्ये युरोपात तेच ‘नवीन’ म्हणून जाहीर झालं. आफ्रिकेतल्या डॉक्टरचं निरीक्षण लंडनला पोहोचायला रुग्णालाच विमानाने जावं लागतं, असं कडवटपणे म्हणावंसं वाटतं.

निदानाचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि ते तसंच असायला हवं. चाचणी अवघड नाही. फोडाच्या किंवा व्रणाच्या पृष्ठावर कृत्रिम धाग्याचा स्वॅब जोर लावून घासायचा, खपली असेल तर तीही घ्यायची, शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांचे नमुने पाठवायचे. पीसीआर उत्तर देते. रक्ताच्या तपासणीवर विसंबायचं नाही. भारतात २०२२च्या जुलैमध्ये केरळच्या कोल्लममधल्या पहिल्या रुग्णाचं निदान पक्कं झालं ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत; आज ही तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा अनेक राज्यांत आहेत. अवघड आहे ते पीसीआरची आठवण होणं.

पाठ्यपुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर असतं : ताप, मग चेहऱ्यावर आणि हातापायांवर एकाच अवस्थेतले टपोरे फोड, मधे खळगा. २०२२नंतर दिसलेल्या रुग्णांत बऱ्याचदा असं काही नसतं. वर सांगितलेल्या ५२८ जणांपैकी ६४ टक्क्यांच्या अंगावर दहापेक्षा कमी फोड होते, सुमारे दहा टक्क्यांना जननेंद्रियावर एकच व्रण होता. ताप नंतर आला किंवा आलाच नाही. अशा माणसाला त्वचारोगतज्ज्ञ हर्पीस म्हणेल किंवा गरमी म्हणेल, आणि बरेचदा बरोबरही असेल, कारण हे आजार हातात हात घालून येतात. एक सापडला म्हणून दुसरा शोधणं थांबवायचं नाही. जांघेत गाठ आली असेल, गावाकडे जिला अवधान म्हणतात, तर संशय बळावतो. कांजिण्यांत अशा मोठ्या गाठी सहसा नसतात.

गुदद्वाराच्या आतल्या दाहाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे तिथेच चुकण्याची भीती जास्त. काही रुग्णांना बाहेर एकही फोड दिसत नाही; शौचाला असह्य दुखतं, रक्त जातं, आव पडते. मराठी माणूस याला एकच नाव देतो, मूळव्याध, आणि थेट मूळव्याधीचा दवाखाना गाठतो. तिथे मलम मिळतं, क्वचित शस्त्रक्रियेची तारीखही मिळते. संबंधांविषयी डॉक्टर विचारत नाही, कारण त्याला संकोच. रुग्ण सांगत नाही, कारण त्याला भीती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा फास सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सोडवला, पण तपासणीच्या खोलीत तो अजून लोंबकळतो आहे. या प्रकरणात प्रश्न कसे विचारावेत याची नमुन्याची वाक्यं मुद्दाम दिली आहेत. लाजरेपणाने विचारलेल्या प्रश्नाला लाजरंच उत्तर मिळतं.

सीडी-४ घसरलेल्या माणसात तर गोंधळाला पारावार नाही. मधे खळगा असलेले फोड मोलस्कममध्येही येतात, आणि क्रिप्टोकॉकस वा हिस्टोप्लाझ्मा या बुरशांच्या संसर्गातही. ईशान्य भारतात राहून आलेला रुग्ण असेल तर टॅलरोमायकोसिस हा बुरशीचाच आजारही डोक्यात ठेवावा लागतो. उलट अशा माणसातला एमपॉक्स स्वतःचं रूप सोडतो : फोड एकमेकांत मिसळतात, काळे पडतात, ऊतक कुजत जातं, महिनोन्‌महिने नवे चट्टे उठत राहतात, फुप्फुसात गाठी दिसतात. लॅन्सेटच्या लेखात सीडी-४ शंभराच्या खाली असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना अशा कुजणाऱ्या जखमा होत्या. त्या लेखकांनी हा प्रकार एड्सची व्याख्या ठरवणाऱ्या आजारांच्या यादीत घालावा, असं सुचवलं. मला ते पूर्णपणे पटतं.

म्हणून निदान दोन्ही दिशांनी चालायला हवं. एचआयव्ही असलेल्याला न ओळखता येणारा फोड आला, तर एमपॉक्सची तपासणी. आणि एमपॉक्स निघालेल्या प्रत्येकाची, कितीही ‘सभ्य घरातला’ असला तरी, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी. दक्षिण आफ्रिकेत २०२४मध्ये रुग्णांची संख्या दोन डझनांच्या आसपासच होती. तरी त्यांत तीन जण गेले, आणि रुग्णांत एचआयव्हीचं निदान न झालेले किंवा उपचार सुटलेले पुरुष मोठ्या संख्येने होते. एमपॉक्सच्या निमित्ताने ज्याला पहिल्यांदा स्वतःचा एचआयव्ही कळतो, तोच बहुधा सर्वांत धोक्यात असतो.

उपचारांबद्दल लिहिताना टेकोव्हिरिमॅटची गोष्ट टाळता येत नाही. देवीचा विषाणू जैविक शस्त्र म्हणून वापरला गेला तर हाताशी असावं म्हणून हे औषध तयार झालं. अमेरिकेने ते २०१८मध्ये देवीसाठी मंजूर केलं. विषाणूला पेशीबाहेर पडताना लागणारं एक वेष्टन तयार होण्यात ते अडथळा आणतं. प्राण्यांत परिणाम उत्तम. २०२२मध्ये ते मिळवण्यासाठी रुग्णांची आणि डॉक्टरांची धडपड चालली. मग काँगोत रीतसर चाचणी झाली. तुंडा आणि कोले या दुर्गम ठिकाणी ५९७ रुग्ण घेतले गेले. २०२४च्या ऑगस्टमध्ये निकाल आला : औषधाने फोड लवकर बरे झाले नाहीत. डिसेंबरात दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीनेही तेच सांगितलं.

काँगोच्या त्या चाचणीतला दुसरा आकडा मात्र मला औषधापेक्षा मोलाचा वाटतो. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण १.७ टक्के होतं, म्हणजे त्या देशातल्या नेहमीच्या प्रमाणाच्या निम्म्याहून कमी. सगळ्यांना दाखल करून घेतलं होतं, जखमांची निगा राखली जात होती, पोटात अन्न आणि सलाइन जात होतं, इतर संसर्गांवर वेळेत औषध मिळत होतं. त्यामुळे या पुस्तकात वेदनाशमन, शौच मऊ ठेवण्याची औषधं, कोमट पाण्यात बसणं, डोळ्यांची तपासणी, जखमेतला पू ओळखणं अशा ‘साध्या’ गोष्टींना भरपूर पानं दिली आहेत. वाचकाला कंटाळवाणी वाटली तरी ती गाळू नयेत.

टेकोव्हिरिमॅटबद्दल एक शंका उरतेच. प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या रुग्णांना दुसऱ्या चाचणीत तुलनेच्या गटांत घेतलंच नव्हतं. त्यांना थेट औषध दिलं गेलं. ते योग्यही होतं, पण त्यामुळे ज्यांच्यासाठी उत्तर सर्वाधिक हवं होतं त्यांच्यासाठीच ते मिळालं नाही. शिवाय अशाच रुग्णांत दीर्घकाळ औषध चालल्यावर विषाणूने त्याला जुमानणं बंद केल्याचीही उदाहरणं आहेत. सिडोफोव्हिरसारखी औषधं आहेत, पण ती मूत्रपिंडावर येतात, आणि आपल्या एआरटीतला टेनोफोव्हिरही मूत्रपिंडाशी फार मैत्री ठेवत नाही. ही निवड तज्ज्ञाने समोर बसून करायची.

खरा उपचार एआरटी. यावर कुणाचं दुमत नाही. कधी सुरू करायची, यावर मात्र बराच काथ्याकूट झाला. लॅन्सेटच्या त्याच लेखात ८५ जणांना आजारपणात एआरटी सुरू किंवा पुन्हा सुरू केली होती. त्यांतल्या २१ जणांत, प्रतिकारशक्ती जागी होताना ती शरीरावरच उलटल्याची शंका आली. आणि त्या २१पैकी १२ जण वाचले नाहीत. हे वाचून कुणाचाही हात थबकेल. क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरात आपण एआरटी काही आठवडे पुढे ढकलतोच. पण इथे वाट पाहण्याने मिळतं काय? विषाणूला आवरणारं दुसरं खात्रीचं औषध हाती नाही. प्रत्येक आठवड्यात जखम खोल जाते. ज्यांची तब्येत बिघडली ते मुळातच सर्वांत आजारी होते, हेही त्या आकड्यांत दडलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या मार्गदर्शनात एआरटी लवकर सुरू करण्याचीच शिफारस आहे. मेंदूज्वर आणि क्षय नाहीत एवढी खात्री करून, रुग्णाला नजरेखाली ठेवून, डोल्युटेग्राव्हिर असलेली गोळी लगेच सुरू करावी, हेच मत या पुस्तकात मांडलं आहे.

प्रतिबंधाकडे वळलो की सगळे लसीबद्दल विचारतात. जुनी जिवंत विषाणूची लस एचआयव्ही असलेल्यांना नको. एमव्हीए-बीएन ही लस चालते : तिच्यातला विषाणू माणसाच्या पेशीत वाढूच शकत नाही. कोंबडीच्या गर्भपेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून म्युनिकमध्ये तो इतका निष्प्रभ केला गेला होता. अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने दोन डोस. दुसरा डोस ऐच्छिक समजू नये. जर्मनीतल्या एका अभ्यासात एकाच डोसाने एचआयव्ही नसलेल्यांना सुमारे ८४ टक्के संरक्षण मिळालं, एचआयव्ही असलेल्यांना जेमतेम ३५ टक्के. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ही लस इथे बनवण्यासाठी २०२४मध्ये बव्हेरियन नॉर्डिक या कंपनीशी करार केला. आपल्या सर्वसाधारण लसीकरणात ती नाही, आणि आजच्या रुग्णसंख्येत ती सरसकट द्यावी असंही मी म्हणणार नाही. लहानपणी देवी टोचलेल्यांनी वणाच्या भरवशावर राहू नये. सीडी-४ खाली गेला असेल तर जुन्या संरक्षणाचं काय उरतं, हे २००५च्या माकडांनी दाखवलं आहेच.

लस कमी असतानाही २०२२ची लाट उतरली, यामागे लोकांचाही हात होता. अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणात समलिंगी पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांनी त्या उन्हाळ्यात जोडीदारांची संख्या आपणहून कमी केल्याचं सांगितलं. कुणी धाक दाखवला नव्हता. आपल्याच माणसांनी आपल्याच भाषेत सांगितलं होतं. दुसरीकडे काँगोच्या कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात २०२३मध्ये जो नवा वाण वेगाने पसरला, तो स्त्री-पुरुष संबंधांतून, आणि मग घराघरांतल्या मुलांपर्यंत गेला. ‘हा त्यांचा आजार’ असं म्हणून ज्यांना निश्चिंत झोपायचं असेल त्यांनी ते प्रकरण आधी वाचावं.

तोच वाण २०२४च्या सप्टेंबरात केरळमध्ये आला, संयुक्त अरब अमिरातीतून परतलेल्या माणसाबरोबर. २०२२चा पहिला रुग्णही तिथूनच आला होता. कोकणातली कितीतरी घरं आखातातल्या पैशावर चालतात, म्हणून हा मुद्दा आपला आहे. तिथे कामाच्या व्हिसासाठी एचआयव्हीची तपासणी होते आणि संसर्ग निघाला तर परत पाठवतात. साहजिकच काहीजण तपासणीची वेळ टाळतात, काहीजण गोळ्या लपवून नेतात, संपल्या की मागायची सोय नसते. असा माणूस सुट्टीवर घरी येतो तेव्हा त्याचा सीडी-४ किती असेल, हे त्यालाही माहीत नसतं.

देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे पंचवीस लाख आहेत आणि सर्वाधिक महाराष्ट्रात. २००४पासून एआरटी मोफत आहे, २०१७च्या कायद्याने माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. तरीही प्रत्येक एआरटी केंद्रात एक यादी असते : एलएफयू, म्हणजे औषध न्यायला येणं थांबलेले. गाव बदललं, लग्न झालं, ऊसतोडीला गेले, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबले, फोन लागत नाही. एमपॉक्स उद्या मोठ्या प्रमाणावर आलाच तर सीडी-४ दोनशेखालचे सापडतील ते बहुतांशी याच यादीत. त्यामुळे पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लसीवर नाही, या यादीवर आहे : कोणाला आधी फोन करायचा, फोन कुटुंबातल्या दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, परत आलेल्याला पहिल्याच दिवशी सीडी-४, व्हायरल लोड, क्षय आणि क्रिप्टोकॉकसच्या तपासण्या कशा उरकायच्या, आणि त्याच दिवशी गोळ्यांची बाटली देऊनच त्याला घरी कसं पाठवायचं.